मिठाच्या पाण्यातले चेंडू

आमचे जेठ चुनीलाल पाटील म्हणजे कळसाडीतला सगळ्यात संशयी माणूस. हे मी त्यांच्या तोंडावर कधी म्हटलेलं नाही, कारण त्यांच्या तोंडावर मी काहीच म्हणत नाही. नवऱ्याच्या थोरल्या भावाशी थेट बोलायचं नाही, ही आमच्या गुजर घरांतली जुनी रीत. आताच्या सुना पाळत नाहीत आणि बरंच करतात. मी लग्न होऊन आले तेव्हा पाळायला लागले आणि मग सोडायचं राहूनच गेलं. खरं सांगू का, सोयीचंही आहे. जे बोलायचं ते मी म्हशीला सांगते. गोठा दोन्ही घरांच्या मधोमध, माझा आवाज खणखणीत, जेठांचे कान शाबूत. त्यांना उत्तर द्यायचं असलं तर तेही म्हशीलाच देतात. म्हैस दोघांचं ऐकून घेते आणि दूध देते.

तर संशय. खताची गोणी आली की चिमूटभर जिभेवर ठेवून बघणार. केळीची रोपं आली की एखादं उपटून मुळ्या तपासणार. पुतणी कामिनी हिला बघायला मुलगा आला, तेव्हा चहा व्हायच्या आधीच जेठांनी त्याला मळ्यात नेला आणि नुकतं पाणी दिलेल्या उसाच्या सरीतून चालवला. मुलगा चिखलात बुडाला, इस्त्रीची पँट गुडघ्यापर्यंत गेली. परत आल्यावर जेठ म्हणाले, "पोऱ्या हासना, चिडना नही. चाली आपले." पोरगा हसला, चिडला नाही, झालं, लग्न ठरलं. मला तर वाटतं माझ्या लग्नातही यांनी मला असंच कुठून तरी चालवून बघितलं असणार, मला कळू दिलं नाही एवढंच.

हाच माणूस बायकोसाठी बाजारातून बांगड्या आणायचा तर एकेक कानाशी वाजवून आणायचा. पण तिच्याशी गोड बोललेला मी ऐकला नाही. बायकोला नावानं हाक मारायची नाही, म्हणून "कामिनीनी माय" म्हणायचं. तेही असं, की कामिनी ऐकत असती तर तिला वाटलं असतं बाप रागावलाय.

कामिनीची माय म्हणजे माझी मोठी जाऊ, जसोदाबाई. मी त्यांना नुसतं बाई म्हणते. कामिनी लग्नानंतर अमेरिकेत टेक्सासला गेली आणि तिचं बाळंतपण करायला बाई तिकडे जाऊन राहिल्या. घराच्या मागेच गोल्फचं मैदान. तिकडच्या लोकांचे चेंडू कुंपणावरून उडून कामिनीच्या अंगणात पडायचे आणि ते साहेब लोक शोधायलाही यायचे नाहीत, खिशातून दुसरा काढायचे. आता कापूस वेचण्यात जन्म गेलेली बाई. जमिनीवर पांढरं दिसलं की हात आपोआप जातो. बाईंनी ओटीत भरभरून चेंडू वेचले. कामिनी म्हणायची, "आई, टाकून दे ना ते." बाई म्हणायच्या, "पैसा पडेल ऱ्हाता तर टाकती का तू?" जावयानं मग एक दांडाच आणून दिला आणि अंगणात मारायला शिकवलं. बाळ झोपलं की सासू-जावई दोघं चेंडू मारत बसायचे. परत येताना बाईंच्या बॅगेत नातवाचे फोटो, बदामाची पाकिटं, तो दांडा आणि गोणीभर चेंडू. गोणी माळ्यावर गेली आणि सगळे विसरले.

मग दिवाळीनंतर बाईंचा उजवा खांदा जखडला. साखरेचा आजार आहे त्यांना, त्यात असं होतं म्हणे. हात बरगडीला चिकटल्यासारखा झाला. फळीवरचा डबा काढता येईना, डोक्यावर पदर घेता येईना, केस तर मीच विंचरायचे. बाई कोणाचं करून घेणाऱ्यातल्या नाहीत. मी वेणी घालायला बसले की पाठ अशी ताठ करायच्या जशी मी शिक्षाच देतेय. चिंचपाड्याच्या दवाखान्यात दाखवलं. तिथल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी समजावलं की हात मोकळा होईल, पण रोज हलवला तर. ओढ बसेपर्यंत न्यायचा, झटका द्यायचा नाही. भिंतीवर बोटं चढवत हात वर न्यायचा व्यायाम दिला. आमच्या बाईंनी घरी येऊन एकदा केला आणि म्हणाल्या, "भितवर चढाले मी काय पाल शे का?"

एरवी आम्ही हसलो असतो. पण भूपेंद्रचं लग्न वैशाखात ठरलेलं. भूपेंद्र म्हणजे बाईंचा धाकटा, पुण्याला इंजिनिअर. आमच्याकडे वरात निघताना नवरदेव घोड्यावर बसतो आणि आई त्याला ओवाळते. आईनं ओवाळल्याशिवाय घोडं अंगणाबाहेर पाऊल टाकत नाही. घोड्यावर बसलेल्या पोराच्या तोंडाभोवती ताट फिरवायचं म्हणजे हात डोक्याच्या वर जायला हवा. बाईंचा हात छातीशीच अडायचा. आई नसली किंवा आईला जमत नसलं तर काकू ओवाळते. म्हणजे मी. सगळ्यांना ठाऊक होतं, पण घरात ते कोणी उच्चारत नव्हतं. बाई एवढंच म्हणायच्या, "मन्हा पोऱ्याले मीच ओवाळसू."

गोल्फ कामिनीनं सुचवला. फोनवर म्हणाली, आई, भिंत नको तर तो दांडा घे, हळूहळू फिरव. चिंचपाड्याच्या बाईंना विचारलं, त्यांनी करून दाखवायला सांगितलं, आणि मग म्हणाल्या की हळू करणार असाल तर चालेल. तेव्हा गोणी माळ्यावरून खाली आली.

मागच्या वावरातल्या कापसाच्या पऱ्हाट्या नुकत्याच उपटून झाल्या होत्या. वावर मोकळं. पलीकडच्या कडेला रानडुकरं आत येऊ नयेत म्हणून जुन्या साड्यांचं कुंपण बांधलेलं, चेंडू त्यात जाऊन अडायचे. सकाळी ऊन कोवळं असताना बाई डोक्यावर पदर, साडीखाली कामिनीचे जुने बूट, हातात दांडा अशा उभ्या राहायच्या. कळसाडीच्या बाया हातातली कामं टाकून बघायला यायच्या. कोणी म्हणायचं, जसोदाबाईला अमेरिका लागली. बाई त्यांच्याकडे ढुंकूनही बघायच्या नाहीत. दांडा हळूच मागे न्यायचा, तसाच पुढे. चेंडू थप करून उठायचा. मला माझ्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं. थप. थोड्या वेळानं परत थप. भाकरी थापल्यासारखा आवाज. मला तो आवडायला लागला होता.

आणि जेठ? जेठ बांधावर ठिबकची नळी दुरुस्त करत बसायचे. त्या नळीत काहीही बिघाड नव्हता, हे मी शपथेवर सांगते. नळी हातात असायची आणि डोळे बाईंच्या कोपरावर. बाईंनी चेंडू मारले की हे महाशय साड्यांच्या कुंपणापाशी जाऊन ते वेचून आणायचे, लेंग्याला पुसायचे आणि बाईंच्या पायाशी ठेवून परत नळीपाशी जायचे. बोलणं काही नाही. बाईंचा हात आधी पोटापर्यंत जायचा, मग छातीच्या वर गेला, मग खांद्याच्या बरोबरीला आला. त्या दिवशी जेठ म्हशीला म्हणाले, "आज हात वर गया व्हता." म्हशीला काय करायचंय? ते मला सांगत होते. मी म्हशीला म्हणाले, "देव पावला." मला खरंच तसं वाटलं होतं.

आता एवढ्यावर गप्प बसावं की नाही? पण संशयी माणूस ना. वेचता वेचता त्यांच्या लक्षात आलं की काही चेंडू साड्यांपर्यंत पोचतात आणि काही अलीकडेच पडतात. सगळे गोल, सगळे पांढरे, सगळ्यांना सारख्या खळ्या. मग फरक का? त्यांनी ठरवलं की यात पोचट माल मिसळलेला आहे, आणि त्यानंच कामिनीच्या मायचा हात अजून वर जात नाहीये.

दादर ज्वारी पेरायच्या आधी आम्ही बी मिठाच्या पाण्यात टाकतो. बादलीत बटाटा सोडायचा आणि तो वर येईपर्यंत मीठ विरघळवत राहायचं. मग त्यात ज्वारी ओतायची. भरीव दाणा तळाशी बसतो, पोचट दाणा वर तरंगतो, तो काढून टाकायचा. जेठांच्या बापानं त्यांना शिकवलेलं, आणि ते कधी चुकलेलं नाही. एके दिवशी बाई आंघोळीला गेल्यावर जेठांनी अंगणात बादली मांडली, बटाटा तरंगवला, आणि गोणीतले चेंडू त्यात सोडले.

मी तिथेच मिरच्या वाळत घालत होते. बघते तर काय, खरंच काही चेंडू तळाशी गेले आणि काही वर डोलायला लागले. जेठांचा चेहरा काय खुलला म्हणता. मला मात्र बरं वाटेना. दुसऱ्याच्या वस्तूची अशी निवड करावी का? मी म्हशीला म्हटलं, "ज्यानं खेळायचं त्यालाच विचारावं माणसानं, काय?" जेठांनी चाळणीनं तरंगते चेंडू काढले आणि म्हशीला सांगितलं, "पोचट बी कोनी इचारीसन फेकस का?"

तरंगते सगळे त्यांनी भिकुबाईला देऊन टाकले. भिकुबाई आणि तिचा नवरा भिला आमच्या मळ्याच्या कडेला राहतात, तिच्या कोंबड्या आहेत. कोंबडी उसात जाऊन अंडी घालते आणि ती मुंगूस खातं, म्हणून खुराड्यात एखादं खोटं अंडं ठेवायचं, म्हणजे कोंबडी तिथेच बसते. भिकुबाईला तर चेंडू बघून आनंदच झाला.

एवढ्यानंही भागलं नाही. जेठांनी भूपेंद्रला फोन करून सांगितलं की गोल्फचे सगळ्यात भारी चेंडू पाठव. सरकीचं महाग पाकीट घेतलं की उगवण चांगली, तसंच हे. भूपेंद्रनं बिचाऱ्यानं टीव्हीवरचे खेळाडू वापरतात ते पाठवले. डबा इतका देखणा की आत मिठाई असावी. तळाशी बसलेले चेंडू आणि हे नवे, असं मिळून जेठांनी गोणी परत भरली आणि जागेवर ठेवली. बाईंना काही सांगितलं नाही. चेंडूला चेंडू सारखाच दिसतो, बाईंना कळायचं कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात आवाज आला तो टाक. दगडावर दगड आपटावा तसा. टाक, आणि मग बराच वेळ काही नाही, मग परत टाक. मी खिडकीतून बघितलं तर बाई दांडा खाली ठेवून तळहात चोळत होत्या. जेठ बांधावरून म्हणाले, "मार ना, आज तर एक नंबर माल शे." बाईंनी मारले. त्या आठवड्यात रोज मारले. मुंग्या तळहातातून मनगटात आल्या, मग कोपरात, मग ठणका खांद्यात जाऊन बसला आणि हात परत छातीशी येऊन अडला. बाईंना वाटलं आपलाच खांदा बिघडला. जेठांना वाटलं हा खेळच बिघडलेला, आणि त्यांनी अमेरिकेला, जावयाला आणि दांडा बनवणाऱ्याला नावं ठेवली. बाईंनी दांडा खाटेमागे सारला.

लग्न जवळ आलं. पत्रिका वाटायला सुरुवात झाली, अंगण सारवून झालं, पापड झाले. बाई डाव्या हातानं कामं करायच्या. एका दुपारी मी त्यांचे केस विंचरत होते. त्या भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "शीला, भूपेनले तूच ओवाळ."

माझ्या हातातली फणी थांबली. म्हटलं, "बाई, अजून वेळ आहे."

"येळ शे, हात नही." मग म्हणाल्या, "पह्यलंच सांगेल बरं. अंगनमा लोकेसनी देखत रडू ईन त्यानापेक्षा."

त्या रडल्या नाहीत. मी रडले, त्यांच्या मागे बसले होते म्हणून त्यांना दिसलं नाही. भूपेंद्रला मी अंगाखांद्यावर खेळवलंय, पण तो पोर त्यांचा आहे. त्यांच्या हातचं ताट मी घ्यायचं म्हणजे मला चोरी केल्यासारखं होणार होतं. वेणी घालून झाली आणि मी जी उठले ती सरळ अंगणात गेले.

जेठ ओट्यावर विळ्याला धार लावत होते. मी कपाळापर्यंत पदर ओढला, म्हशीकडे पाठ केली आणि म्हणाले, "भाऊ, बाईंचे चेंडू तुम्ही भिकुबाईला देऊन टाकलेत."

त्यांनी आधी म्हशीकडे बघितलं. इतक्या वर्षांत माझा आवाज त्यांनी समोरून ऐकलेलाच नव्हता. मग हातातला विळा खाली ठेवला.

म्हटलं आता तोंड उघडलंच आहे तर पुरतं बोलून घ्यावं. "आधी थप वाजायचं. मी रोज ऐकलंय. तुम्ही मिठाचं पाणी करून गोणी बदललीत त्याच्या दुसऱ्या दिवसापासून टाक वाजतं. खांदा तेव्हापासून धरलाय. मला त्या खेळातलं काही कळत नाही, पण कान आहेत मला."

एवढं बोलून मी घरात पळाले. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "दादाशी बोललीस?" जणू काही मी तापीत उडी मारून आले होते.

मग अंगणात खडखडाट सुरू झाला. जेठांनी गोणी ओतली होती. एक चेंडू लाकडावर धरून त्यांनी ऊस तोडायच्या कोयत्याचा घाव घातला. चेंडू कसला तुटतो, तो निसटून पाण्याच्या ड्रमला लागला आणि तिथून म्हशीच्या पाठीला. म्हैस पहिल्यांदाच काहीतरी बोलली. मग जेठांनी मोटारीची कामं करायचा शिकंजा काढला, चेंडू त्यात आवळला आणि लोखंड कापायच्या करवतीनं कापायला बसले. एक तळाशी बसलेला कापला, एक भूपेंद्रनं पाठवलेला भारीतला कापला, आणि दोघांच्या फाका ओट्यावर मांडून त्यांच्याकडे बघत राहिले. मी दारातून बघितल्या. जुन्यात एकच मोठा रबरी गोळा, नखानं दाबला तरी दबत नव्हता, वर जाड कडक कवच. भारीतल्यात गोळा, त्यावर वेगळ्या रंगाचा एक थर, आणि वर कांद्याच्या पापुद्र्यासारखं पातळ मऊ कातडं. दिसायला तर फारच सुरेख होता.

जेठांनी टेक्सासला फोन लावला. तिकडे पहाट, कामिनी झोपेतच बोलत होती. जेठांनी फाका फोनसमोर धरल्या. आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होतं.

"पप्पा, तो थरांचा चेंडू खूप जोरात मारणाऱ्यांचा असतो," ती म्हणाली. "त्यांचा दांडा असा वेगानं येतो की चेंडू क्षणभर चपटा होतो आणि मग उसळतो. वरचं मऊ कातडं असतं ना, त्यानं तो गिरकी घेतो, हवा तिथे थांबवता येतो. आईचा हात हळू आहे. तिच्यानं तो चपटाच होणार नाही, सगळा झटका तिच्याच हातात परत येईल. तो दुसरा कडक आहे, तो टिकतो, लांब जातो, पण तोही जोरातच मारायला हवा. आईसाठी आतून मऊ असलेला पाहिजे. इथे बायका आणि म्हातारी माणसं तेच वापरतात. तिच्या गोणीत होते की तसले, वजनाला जरा हलके असतात ते. ते कुठे गेले?"

फोन ठेवताना जेठ फक्त म्हणाले, "शेत. जपीसन ठेयेल शेत." आहेत म्हणे, जपून ठेवलेत!

मग त्यांनी भूपेंद्रचे चेंडू वेचून परत त्या देखण्या डब्यात भरले, डबा काखेत मारला आणि मळ्याच्या वाटेला लागले. मी मेथी आणायच्या निमित्तानं मागे मागे गेले. माझं काय चुकलं? एवढा तमाशा मी सोडणार होते का.

भिकुबाई दारात धान्य पाखडत होती. जेठांनी चेंडू परत मागितले. तिनं सूप खाली ठेवलं आणि कमरेवर हात घेतले. "देल वस्तू कोनी पाछी मांगस का, पाटील? कोंबड्या बठेल शेत त्यावर."

"त्याना बदलामा हाई ले." जेठांनी डबा उघडला. "कोंबडीले काय, बाहेरथीन गोल जोयजे. मन्ही बाईले मझारथीन नरम जोयजे."

'मन्ही बाई' म्हणाले. मी मेथी खुडता खुडता थांबले. चारचौघांत "कामिनीनी माय"च्या पुढे न गेलेला माणूस.

भिकुबाईनं भारीतला एक चेंडू हातात घेतला, वळवून बघितला, आणि तिला पसंत पडला. एकाला एक असा सौदा ठरला. पण खुराड्यात हात घालायला तिनं साफ नकार दिला. म्हणाली, खुडूक बसलेली कोंबडी टोचते, चेंडू तुमचे, हात तुम्हीच घाला. आता आमच्या जेठांनी जन्मात कोंबडीला हात लावलेला नाही. आमच्या घरात कांद्यालाही एकादशीला बंदी. त्यांनी बाही वर सारली, तोंड दुसरीकडे केलं आणि कोंबडीखाली हात घातला. कोंबडीनं टोचलं. त्यांनी मऊ चेंडू काढला, त्या जागी टीव्हीवरच्या खेळाडूंचा ठेवला आणि पुढच्या कोंबडीकडे गेले. सगळ्या कोंबड्या झाल्या तेव्हा मनगट लाल झालं होतं. चेंडू त्यांनी विहिरीवर नेऊन घासून घासून धुतले आणि लेंग्याला पुसले.

दुसऱ्या सकाळी त्यांनीच खाटेमागचा दांडा काढून बाईंच्या हातात दिला. बाई नको म्हणत होत्या. जेठ म्हणाले, "एक मारी देख." बाईंनी कंटाळून, उगाच त्यांचं मन राखायला, दांडा फिरवला. मी भाकरी तव्यावर टाकून खिडकीत आले होते.

थप.

बाईंनी तळहाताकडे बघितलं. मग जेठांकडे. मग खाली वाकून दुसरा चेंडू उचलला, त्याला चिकटलेलं बारीकसं तपकिरी पीस काढलं आणि विचारलं, "हाई कसानं पीस?"

"वारावर येयेल व्हई," जेठ म्हणाले आणि नळी दुरुस्त करायला गेले. बाईंनी आणखी काही विचारलं नाही. दुपारी मात्र मी बघितलं, ओट्यावर बसून त्या डाव्या हातानं त्यांच्या मनगटाला हळद लावत होत्या आणि ते "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे" म्हणत हात पुढेच धरून होते. मी आत निघून गेले. काही गोष्टी आपण बघायच्या नसतात.

त्यानंतर रोज सकाळी थप सुरू झालं. हात हळूहळू परत वर निघाला. किती वर जातो ते मात्र बाई सांगेनात. पाहुणे आले, मांडव पडला, हळद लागली. मी त्यांना विचारलं, "बाई, ताट कोणी घ्यायचं?" त्या म्हणाल्या, "तू बाजूले उभी ऱ्हाय." म्हणजे काय ते मला कळलं नाही. जेठांना तर अन्न जात नव्हतं. दोन दिवस ते कुठे कुठे फिरत होते, विचारलं तर म्हणायचे घोड्याचं बघतोय.

वरातीचा दिवस. अंगणात माणसांची ही गर्दी, बँड वाजतोय, आणि सारंगखेड्याकडचे नवलसिंग घोडी घेऊन आले. आमच्या भागात घोड्यांची काय कमी? दरसाल सारंगखेड्याला एवढा मोठा घोडेबाजार भरतो. लोकांना वाटलं होतं, चुनीलाल पाटलांच्या इंजिनिअर पोरासाठी उंच पांढरीशुभ्र घोडी येणार. आली ती ठेंगणी, पोट सुटलेली, गाढवाहून जरा मोठी असेल. भूपेंद्र सहा फूट. तो बसला तेव्हा त्याचे बूट जमिनीपासून हातभर राहिले. पोरं खिदळायला लागली. व्याह्यांकडचा कोणीतरी म्हणाला, पाटलांनी पैसे वाचवले वाटतं. भूपेंद्रचा चेहरा पडला, माझा नवरा रागानं लाल झाला. जेठ मांडवाच्या खांबाला धरून उभे होते आणि कोणाकडेच बघत नव्हते.

बाई ताट घेऊन बाहेर आल्या. मी ठरल्याप्रमाणे बाजूला उभी राहिले, हात पुढे करूनच. त्यांनी उजव्या हातानं ताट उचललं, डाव्याचा नुसता आधार. ताट छातीच्या वर गेलं. खांद्याच्या वर गेलं. भूपेंद्रच्या तोंडासमोर आलं, आणि तिथे थांबलंच नाही. फेट्याच्या तुऱ्याच्या वर गेलं, तिथून फिरलं, निरांजनाची ज्योत जराही हलली नाही. भूपेंद्र मान वर करून आईच्या हाताकडे बघत होता. मी हात मागे घेतले आणि पदरानं डोळे पुसले, लोक बघत होते तरी पुसले.

ओवाळून झालं. बाईंनी ताट माझ्याकडे दिलं आणि घोडीकडे नीट बघितलं. मग विचारलं, "येवढंसं घोडं कोनी आनं?"

बँडवाले थांबले होते, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं.

"मी," जेठ म्हणाले.

"कसाले?"

जेठांनी खांबाचा हात सोडला. "सरकी टोबतस तव्हय एक दाना पुरस. तरी मानूस दोन टाकस."

कोणी हसलं नाही. सगळे शेतकरीच होते तिथे. उगवण होईल याची खात्री असली तरी एखादा दाणा दगा देईल म्हणून दुसरा टाकतात, आणि तो का टाकतात हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

मग माझ्या हातातल्या ताटात बाईंनी उजव्या हाताचं बोट कुंकवात बुडवलं आणि जेठांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. आमच्या घरात सगळ्यात उंच माणूस ते. बायकोला सोपं जावं म्हणून ते गुडघ्यात वाकायला लागले.

"वाकू नका," बाई म्हणाल्या, आणि हात वर नेऊन त्यांनी त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं.